फुटण्याआधीची नक्षी

त्या रविवारी राजूरच्या आमच्या अंगणात बाबा आणि मी परातीतल्या पाण्यात एकेक बोट बुडवत बसलो होतो. मी हॅम्बुर्गहून सुट्टीवर आले होते. बुधवारी परतायचं होतं. तिथल्या एक्स-रे लेसर यंत्रावर आमच्या संशोधकांच्या गटाची पाळी फार दिवसांनी लागली होती. खाणीतून निवृत्त झालेल्या बाबांना माझं काम समजून घ्यायचं होतं.

दोघांची बोटं एका तालात हलली की लाटा एकमेकींना छेदत आणि पाण्यावर पट्टे उभे राहत. बाबांनी मुद्दाम ताल सोडला. पट्टे विस्कटले.

"आमच्या एक्स-रेच्या लाटा अशाच तालात येतात," मी म्हणाले. "एका विषाणूवर एकच झोत. त्यावरून लाटा विखुरतात, त्यांची नक्षी आम्ही टिपतो. मग गणितानं विषाणूचं रूप काढतो."

"अन् विषाणू?"

"फुटतो. पण झोत इतका क्षणिक, की फुटायच्या आधीच नक्षी हाती आलेली असते."

"म्हंजे फोटो काढाले जीवच घेता त्याचा?" बाबा हसले, खोकले, आणि पुन्हा बोट पाण्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांचं हृदय थांबलं.

मंगळवारी, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला सगळी वस्ती बुद्धविहारात आली. वंदना झाली, आठवणी झाल्या. मग बाबांचे धाकटे भाऊ, किसनकाका, माईकवर आले.

"पोरगी एक्स-रेचं शिकली, अन् बापाची छाती पाहता आली नाई. डॉक्टर झाली असती त दादा आज राह्यले असते. आता तरी वणीच्या कॉलेजात नोकरीले लागावं, मायजवळ राहावं. समाजाच्या कामी यावं."

माना हलल्या. माझ्याकडे नेहमीचं उत्तर होतं: यातून उद्या औषधं निघतील. हे काम कशासाठी, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तेच देत आले होते.

"बोल मैत्रेयी," शेजारून आई हळूच म्हणाली. "नाई त हे तुले इथंच बांधतीन."

मी माईक घेतला.

"काका, मी उद्या जाणार. औषध निघंन का नाई, मले माहीत नाई. त्याच्यासाठी मी गेलीच नव्हती. जे कोणी पाह्यलं नाई, ते पाहणं मले आवडते. एवढंच. बाबाले हे मालूम होतं. त्यायनं मले कधी कारण मांगलं नाई, अन् आता मी कोणाले देणार नाई."