सव्वाआठची सावली

चाळीस वर्षं मी लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, पण खिडकीतून बाहेर कधी बघितलं नाही. काच नीट बसली का, पुट्टी सुकली का, आणि मालकाने बोटं लावून डाग पाडायच्या आत आपण निघालो का, एवढाच माझा खिडकीशी संबंध. पुट्टी लावून लावून माझं नावच पुट्टी पडलं. बायको सोडली तर मला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नाही, आणि ती तर नावच घेत नाही, नुसतं ‘अहो’ म्हणते. अशा माणसाने एकसष्टाव्या वर्षी ऊन-सावलीचे फोटो काढत जमिनीवर पालथं पडावं, हे कोणी सांगितलं असतं तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं.

हे खूळ गुण्याचं. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, आणि माझा मित्र तसाच. इमारतींचे नकाशे काढायचा. त्याच्यासमोर साधी कपबशी ठेवली तरी ती टेबलाच्या कडेला समांतर करून मगच चहा प्यायचा. तीस वर्षं दर रविवारी तो आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसला, आणि तीस वर्षं त्याने एकच वाद घातला. त्या खोलीची खिडकी मी स्वतः बसवलेली, आणि तिची मधली आडवी पट्टी वाकडी आहे असं त्याचं म्हणणं. मी पाणसळ लावून तिचा बुडबुडा बरोबर मधोमध दाखवला तर म्हणाला, तुझी पाणसळही तूच विकत घेतलीस ना.

मग त्याची बायको गेली, कान गेले, हृदयाने एकदा दगा दिला आणि मुलीने त्याला आपल्याकडे नेलं. ती राहते तिकडे आपली सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ. फोनवर बोलायची सोय नाही. मी ओरडायचो, त्याला ऐकू यायचं नाही, आणि शेजारी विचारायचे भांडण कशावरून झालं.

जायच्या आदल्या दिवशी त्याने मला समोर बसवलं. त्याला एक जुना सल होता. त्याची थोरली बहीण गेली तेव्हा त्याच्या हृदयाचं निमित्त करून घरच्यांनी दीड महिना बातमी दडवली होती. त्या कटात मीही होतो. ताई बरी आहे, मजेत आहे, असं मी त्याला स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून देत होतो. ते त्याने मला माफ केलं, पण विसरला नाही.

“रोज सकाळी सव्वाआठला या खिडकीच्या उन्हाचा एक फोटो पाठव,” तो म्हणाला. “मधल्या पट्टीची सावली फरशीवर दिसली पाहिजे. शब्द नकोत, शब्दांवर माझा भरवसा उरला नाही. फोटो आला की मी समजेन, तू आहेस.”

मी बरं म्हणालो. पट्टीच कशाला हवी, हे विचारलं नाही. वाटलं, जाता जाता पुन्हा वाकडेपणा उकरून काढतोय.

पहिले पंधरा दिवस मी सरळपणे फोटो पाठवले. त्याचेही यायचे. मुलीच्या घरातल्या चपलांच्या कपाटावर पडलेलं ऊन, समोरच्या भिंतीवर जिन्याची सावली. मग माझ्यातला कलावंत जागा झाला. कलावंत साठ वर्षं झोपला होता, तसाच झोपला असता तर बरं झालं असतं. मी उन्हात काचेचा पेला ठेवू लागलो. बायकोच्या लोकरीचा गुंडा ठेवू लागलो. एकदा शेजारणीचं मांजर उचलून आणलं, त्याने माझा हात ओरबाडला, आणि त्या ओरखड्याकडे मी कलेसाठी सांडलेलं रक्त म्हणून दिवसभर अभिमानाने बघत होतो. बायको केरसुणी घेऊन उभी असायची. तिने एकदाच विचारलं, तुमचं झालं असेल तर मी केर काढू का.

असे एकशे त्रेचाळीस दिवस झाले, एकही खाडा न होता. आणि मग मला एका नव्या शाळेच्या इमारतीचं काम मिळालं. दोनशे दहा खिडक्या, आणि सकाळी सातला हजर व्हायचं. म्हणजे सव्वाआठला मी कोणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर, आणि ऊन माझ्या घरी.

सरळ मार्ग होता. चार ओळी लिहून कळवायचं, काम आहे, महिनाभर जमणार नाही. बायकोला फोटो काढायला सांगून जायचा मार्गही होता, पण तिने काढलेला फोटो माझ्यापेक्षा चांगला आला असता तर? आणि एकशे त्रेचाळीसची ती माळ तुटली असती. मी तिसराच मार्ग काढला. काम सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मी आठला तयारी करून बसलो आणि वीस मिनिटांत अठ्ठावीस फोटो काढले. दर फोटोत वस्तू वेगळी. पडदा कधी अर्धा, कधी पूर्ण उघडा. बायको एकेक वस्तू हातात देत होती आणि मी घाम पुसत होतो.

या साठ्यात मला आणखी एक कल्पना सुचली होती. माणूस दाखवायचा नाही, नुसत्या त्याच्या वस्तू दाखवायच्या. म्हणून उन्हात माझा चष्मा. मग माझ्या चपला, दाराकडे तोंड करून. मग रिकामी खुर्ची, आणि तिच्या पाठीवर माझा सदरा. शिवाय गुण्याला संशय येऊ नये म्हणून मी फोटो काढले त्या क्रमाने न पाठवता पत्त्यांसारखे पिसून पाठवले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल तर गोठ्यात आलाच नाही.

रोज शाळेच्या बांबूच्या पायाडावरून सव्वाआठला मी बोटाने एक फोटो पाठवायचो आणि पुढची काच उचलायचो. रविवारी घरी असायचो, ऊन समोर पडलेलं असायचं, तरी साठ्यातलाच पाठवायचो. एकदा आयतं खायची सवय लागली की ताट वाढून घ्यायचाही कंटाळा येतो.

गुण्याचे फोटो मात्र बदलले. दहाव्या-बाराव्या दिवसापासून ते काळोखे होऊ लागले. आधी ओढलेला पडदा. दुसऱ्या दिवशी तोच पडदा. मग नुसती भिंत, ऊन नाही, सावली नाही. मी बायकोला दाखवले आणि म्हणालो, बघ, गडी सुधारतोय, आता अंधारावर काम करतोय. मला थोडी असूयाही वाटली. त्याला उत्तर म्हणून मी साठ्यातला सगळ्यात भारी फोटो पाठवला, रिकाम्या खुर्चीचा.

एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही दोघं चहा घेत होतो आणि बायकोच्या मोबाइलवर गुण्याच्या मुलीचा फोन आला. माझ्यावर नाही, बायकोवर. पोरगी हलक्या आवाजात विचारत होती, काकू, कशा आहात, सोबत कोणी आहे का, जेवता ना वेळेवर. बायको म्हणाली, मला काय धाड भरलीये. मग पोरगी रडायला लागली. बाबांनी चार दिवस नीट खाल्लं नाही, म्हणाली. पडदे ओढून बसलेत. काका गेले आणि आपण सगळे मिळून त्यांच्यापासून लपवतोय, ताईआत्याच्या वेळी लपवलं तसंच, असं म्हणतात. काकांचे जुने फोटो काकू रोज पाठवतेय, असं म्हणतात.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी चहात बिस्किट बुडवून बसलो होतो. ते तुटून कपात पडलं.

बायकोने तिला व्हिडिओ लावायला सांगितलं. पडद्यावर गुण्या आला. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. बोट पुढे आणून त्याने मोबाइलच्या काचेला लावलं, माझ्या नाकाच्या जागी, आणि ते तिथेच ठेवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मीही रडलो. एवढं आपल्यासाठी कोणी रडलेलं जिवंतपणी बघायला मिळतं, हे भाग्य म्हणावं की काय ते मला अजून कळलेलं नाही.

मग त्याचा नकाशेवाला मेंदू ताळ्यावर आला. त्याने डोळे पुसले आणि विचारलं, “मग ते फोटो?”

ओरडून उपयोग नव्हता. मी काचेच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, जाड पेनने लिहिलं आणि धरलं. ‘कामावर होतो. सगळे एकाच रविवारी काढले.’ पुठ्ठ्याच्या खाली छापलेलं होतं, नाजूक माल, जपून हाताळा.

त्याने ते दोनदा वाचलं.

“एकवीस दिवस सावली एका जागी होती,” तो म्हणाला. “थंडी सरली की ती रोज थोडी खिडकीकडे सरकते. तुझी सरकत नव्हती. नुसती वीतभर पुढे-मागे करत होती. सूर्य असं करत नाही, पुट्टी. माणसं करतात.” मग म्हणाला, “मेला असतास तर माफ केलं असतं.”

आणि त्याने फोन ठेवला.

एरवी बायकोच्या बोलण्याने मी हैराण होतो, त्या दिवशी तिने चार शब्द सुनावले असते तर जेवण गेलं असतं. माझ्या खोटेपणापायी एक म्हातारा चार दिवस उपाशी राहिला होता, आणि मी त्याच्या पडद्याला कला समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला सांगितलं, आठवडाभर मी नऊला येईन. त्याने कारण विचारलं. मी म्हणालो, घरी सावलीचं काम आहे. आजारपण, लग्न, मयत अशी कारणं सांगून लोकांनी सवलत मागितलेली त्याने पाहिली होती, सावलीसाठी मागणारा मी पहिलाच. त्याने मला तळमजल्यावरच्या संडासांच्या खिडक्या दिल्या. मी मुकाट्याने घेतल्या.

रोज सव्वाआठला मी फोटो काढू लागलो. पेला नाही, मांजर नाही, चष्मा तर नाहीच. फरशी आणि पट्टीची सावली. पाठवला की खाली दिसायचं, त्याने बघितला. उत्तर नाही. आठ दिवस असं झालं. शाळेचं काम संपलं. नवव्या दिवशी आभाळ भरून आलं आणि तीन दिवस सूर्याने तोंड दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी मी सव्वाआठला त्या मळकट फरशीसमोर उभा राहिलो. मोबाइलमध्ये साठ्यातले सात फोटो अजून होते, लख्ख उन्हाचे. बायको मागून म्हणाली, “पाठवा की त्यातला एखादा. ऊन छान आहे.” ती माझी परीक्षा बघत होती हे मला तीस वर्षांच्या संसाराने शिकवलंय. मी सातही फोटो तिच्यासमोर पुसून टाकले आणि नुसत्या फरशीचा फोटो पाठवला. सावली नाही, काही नाही. कोपऱ्यात केर तेवढा दिसत होता. तीन दिवस तेच.

बाराव्या दिवशी ऊन आलं, मी फोटो पाठवला, आणि तासाभराने गुण्याकडून एक फोटो आला.

तो कुठल्या खिडकीचा नव्हता. आलेखाचा मोठा कागद होता. त्यावर माझी पुढची खोली होती. वर खिडकी, खाली फरशी, एकेक लादी मोजून आखलेली, दारापाशी चिरलेली लादीसुद्धा चिरलेली काढलेली. आणि लाद्यांवर पेन्सिलीचे बारीक ठिपके, प्रत्येकाखाली तारीख. पहिल्या दिवसापासून रोजचा एक. माझ्या पेल्याकडे, मांजराकडे त्याने बघितलंच नव्हतं. तो रोज संध्याकाळी परक्या घरात बसून माझ्या पट्टीची सावली मोजत होता आणि माझ्या खोलीत आणून ठेवत होता. थंडीत ठिपके खिडकीपासून लांब गेले होते, मग परत फिरले होते. आणि परतीच्या वाटेवर एका जागी माशा बसाव्यात तसा घोळका, भोवती गोल. बाजूला त्याच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, ‘२१ दिवस. पुट्टी नाही.’

त्यापुढे दीड लादी कोरी होती. मग पुन्हा ठिपके सुरू होत होते. आठ. मग तीन पोकळ वर्तुळं, खाली लिहिलेलं, ‘ढग.’ मग आजचा ठिपका. आणि त्याच्या पुढे, अगदी फिकट, उद्याचा. ‘इथे यायला हवी.’

मी तो कागद बोटांनी मोठा करून एकेक ठिपका बघत गेलो. बायकोने केरसुणी भिंतीला टेकवली आणि माझ्या शेजारी बसली. ती चिरलेली लादी बघून म्हणाली, ही कधी चिरली ते माझ्याही लक्षात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खडूने फरशीवर त्याच्या ठिपक्याची जागा खुणावली आणि आठपासून गुडघे टेकून बसलो. सव्वाआठ झाले. सावली आली. खडूच्या खुणेपासून दोन बोटं बाजूला.

मोबाइल थोडा तिरपा धरला असता तर दोन बोटं सहज लपली असती. मी खूण आणि सावली दोन्ही दिसतील असा सरळ फोटो काढला आणि पाठवून दिला.

उत्तर पाच मिनिटांत आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने फोटोऐवजी शब्द पाठवले होते.

‘गणित बरोबर आहे. पट्टी वाकडी आहे. तीस वर्षं सांगतोय.’

मी पाणसळ शोधायला उठलो.