लाल ठिपका

रविवारी सकाळी फुई गल्लीच्या तोंडापासूनच रडत आली. फुई म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण सुंदरबाई, बोदवडला दिलेली. आमच्याकडे कोणी गेलं की बायका दारावर येतात त्या अशाच, घर दिसायच्या आधी गळा काढून. पदर तोंडाला, मागे तिची जाऊ, आणि आवाज असा की भडगावच्या आमच्या अख्ख्या गल्लीने खिडक्या उघडल्या.

"मना भाऊ गया वं माय! माले कोणी सांगं बी नही!"

मी ओट्यावर चहात बटर बुडवत बसले होते. आधी वाटलं, फुई भलत्याच गल्लीत शिरली. मग तिच्या हातातला पेपर दिसला. घडी घातलेला, माझं चित्र वर आलेलं. माझं बटर चहात पडलं.

आबा शेजारच्या खोलीत गिरणी चालवत होते. पट्ट्याच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येत नाही, हे गावाला माहीत आहे. फुईने पहाटेपासून लावलेले फोन तसेच वाजून थंड झाले होते. आता ओरडा ऐकून त्यांनी गिरणी बंद केली आणि बाहेर आले. केस, भुवया, मिशा, सगळं पिठाने पांढरं. फुईने त्यांना पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की तिच्या जावेचा पाय गटारीत गेला.

"अक्का, मी जित्ता शे वं," आबा म्हणाले. "फक्त पीठ लागेल शे."

गल्ली खदखदून हसली. फुईने भावाला आधी दोन चापटा मारल्या, मग मिठी मारली, मग पुन्हा रडायला बसली. मीही हसले. हसले म्हणजे तोंड तसं केलं.

पेपरात छापलं होतं की जळगावच्या कॉलेजच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मेघा शालिग्राम महाजन हिच्या 'माय' या चित्राला मिळालं. इथवर ठीक. पुढे होतं, पतीच्या निधनानंतर एकटीने मुलीला वाढवणाऱ्या आईची वेदना तिने मोजक्या रंगांत उतरवली आहे.

आबांनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "पेपरवालासनी चुकी शे ती," म्हणाले. "घाईमा लिखतस, जित्ता माणूसले मारी टाकतस." आणि माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. मी मान हलवली. पेपरवाल्याची चूक नव्हती. त्या बिचाऱ्याने जे पाहिलं तेच लिहिलं.

शाळेत असताना मी आमच्या गिरणीच्या भिंतीवर पोपट काढला होता, डब्यातला हिरवा तसाच थापून. आबांना त्याचा कोण अभिमान! कॉलेजात गेल्यावर कळलं की याला 'कॅलेंडर' म्हणतात, आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात. मग मी रंग कमी करायला शिकले. खरंच शिकले, उगाच विनय नको. सावलीत जांभळा असतो, कातडीखाली हिरवा असतो, हे डोळ्यांना दिसायला लागलं, हात बसला. पण रंग कमी होत गेले तसे गुण वाढत गेले, आणि त्यातून मी आणखी एक गोष्ट शिकले, जी कोणी शिकवली नव्हती. हसणाऱ्या बाईच्या चित्रापुढे कोणी थांबत नाही.

आईला मी दिवाळीच्या सुटीत मागच्या दारी बसवलं. ती नवी हिरवी साडी नेसली, बांगड्या भरल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं, आणि सगळा वेळ बडबडत राहिली. दात दाखवू नको म्हटलं की जास्तच हसायची. तेव्हा काढलेलं चित्र चांगलं नव्हतं. कॉलेजात आणून मी त्याच्यावर पुन्हा काम केलं. हिरवी साडी मातकट झाली. ओठ मिटले. बांगड्या आणि मंगळसूत्र पदराखाली गेलं.

जीवराम सर आम्हाला यंदाच शिकवायला आलेत. ते मागे उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "हा लाल ठिपका नजर ओढतोय. डोळ्यांपर्यंत पोचूच देत नाही. त्याचं काहीतरी कर."

काहीतरी कर म्हणाले. पुस म्हणाले नाहीत. मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि आईच्या कपाळावरून फिरवली. आमच्या घरात कुंकवाची डबी उपडी पडली तरी आई ओरडते. मग मागे सरकून पाहिलं तर चित्र खरोखर चांगलं झालं होतं. तेच तर वाईट आहे. ते अजूनही चांगलं आहे.

बक्षीस जाहीर झालं तेव्हा सर जवळ आले. पेपरवाला शेजारीच फोन धरून उभा होता. सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "वडील कधी गेले तुझे? कधी बोलली नाहीस."

'नाही सर, आहेत ते.' एवढंच म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे असे मायेने बघत होते, आणि चित्र असं शोभत होतं, की मी खाली पाहिलं. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझी मैत्रीण सबीहा समोरच होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या घरी येऊन तिने आबांशी पैज लावून आमरस खाल्ला होता. ती माझ्याकडे बघतच राहिली. नंतर जिन्यात म्हणाली, "तू बोली क्यों नहीं?" मी म्हटलं, बोलायला वेळच मिळाला नाही. त्या दिवसापासून मला तिच्यापासूनही तोंड लपवावं लागतंय.

त्या रविवारी दुपारी आई फुईसाठी कळण्याच्या भाकरी थापत होती. बाहेर ओट्यावर आबा आपल्याच मरणाची गंमत येणाऱ्या-जाणाऱ्याला रंगवून सांगत होते.

"मी बसनू तव्हय मना कपायवर कुकू व्हतं," आई तव्याकडे बघत म्हणाली.

"हो."

"तू पुसं?"

"आई, चित्रात रंगांचा तोल असतो, लाल रंग जरा..."

"तुना बाप जित्ता शे, मेघा."

तिने भाकरी उलटली. मग ती आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "तुना आबासले सांगू नको. पेपरनी चुकी म्हनीसन हसी राहिनात त्या. हसू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर मी भांडले तरी असते.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी बक्षीस मिळालेल्यांनी 'माझा कलाप्रवास' सांगायचा असतो. आबांनी जाहीर करून टाकलं, "मी येसू जळगावले. बठ्ठासले दखाडसू, शालिग्राम जित्ता शे." मी म्हटलं, गिरणी बंद राहील, लोक दळण घेऊन परत जातील, कार्यक्रम कंटाळवाणा असतो, बसायला जागा नसते. ते म्हणाले, उभा राहीन. आईला विचारलं तर ती म्हणाली, "माले नही दखनं ते."

सकाळीच सरांना गाठून सगळं सांगून टाकायचं, असं मी एसटीत आबांशेजारी बसून ठरवलं होतं. कॉलेजात पोचल्यावर ठरवलं, चहानंतर. चहा घ्यायला गेले आणि परत येऊन बघते तर आबा माझ्या चित्रापुढे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी, हात मागे बांधलेले. आणि सर त्यांच्याशी बोलत होते.

"या, या. मेघाचे कोण आपण?" सरांना उत्तराची वाट बघायची सवय नाही. ते पुढे बोलतच राहिले, "फार गुणी पोर. बक्षिसाच्या दिवशी मी विचारलं, वडील कधी गेले, तर बिचारीला बोलताही आलं नाही. मान खाली घालून उभी राहिली."

आबांनी चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी हातात दोन कप घेऊन तिथेच खिळले होते. मी काय केलं ते त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माणसाचा चेहरा वाचायला मला याच कॉलेजात शिकवलंय.

"मी काका तिचा," आबा म्हणाले. कचेरीत बोलतात तसं, जपून, शुद्ध.

"वा! मग वडिलांच्या मागे तुम्हीच पाहिलं असेल सगळं."

"हो. जमलं तसं."

सर गेल्यावर मी जवळ गेले. "आबा..."

"राहू दे," ते म्हणाले. "चार लोकेसमा तुनं नाव खराब व्हई." त्यांनी टोपी नीट केली. "कुकू नही दिसनं, तव्हय माले वाटनं, तू इसरनी व्हशी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी चहाचा कप पुढे केला, त्यांनी घेतला, आणि आम्ही दोघं त्या चित्राकडे पाठ करून चहा प्यालो. मला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती.

माझं नाव पुकारलं गेलं. सरांनी ओळख करून दिली: वडिलांच्या पश्चात, प्रतिकूल परिस्थितीत, वगैरे. "आणि आज मेघाचे काका खास भडगावहून आले आहेत, त्यांच्यासाठी टाळ्या." आबा शेवटच्या रांगेत उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. मरून गेलेल्या भावाच्या वतीने.

मी भाषण पाठ केलं होतं. त्यात 'रंगांचा त्याग' असे शब्द होते. मी माइक धरला आणि म्हणाले, "ते माझे काका नाहीत. ते माझे वडील आहेत. आईच्या कपाळावर कुंकू होतं, ते मी पुसलं, चित्र चांगलं दिसावं म्हणून. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. बक्षीस हवं होतं म्हणून गप्प बसले."

मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटेल, आणि सगळे माझ्याकडे बघतील. माझ्याकडे कोणीच बघितलं नाही. सगळ्या माना मागे वळल्या. ज्या आबांच्या भरवशावर गाव धान्याचे डबे गिरणीत सोडून खुशाल घरी जातं, त्यांनी नुकतंच तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि ते मी माइकवरून सांगितलं होतं.

आबा पुन्हा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

"माफ करा, साहेब," ते सरांना म्हणाले. "खोटं मी बोललो. पोरगी लहान आहे. तिची काही चूक नाही."

ते खाली बसलेच नाहीत. मान खाली घालून तसेच उभे राहिले, कोणीतरी बसा म्हणेल याची वाट बघत. मी माइकवर सांगत होते, चूक माझी आहे, माझीच आहे. पण लोक त्यांच्याचकडे बघत होते.