ढोलीचा बंदोबस्त

आमच्या शहरातल्या बागेत एक जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या खोडात, जमिनीपासून सव्वासात फुटांवर, पूर्वेकडे तोंड असलेली ढोली होती. मी रोज सकाळी वही घेऊन बागेत जाते. तांबट, खंड्या, हळद्या यांच्या नोंदी बऱ्याच आहेत, पण निम्मी वही त्या ढोलीतल्या पिंगळ्यांची आहे. पिंगळा म्हणजे साळुंकीएवढं, ठिपक्यांचं घुबड. मार्चच्या सुरुवातीला मादी दिसेनाशी झाली, म्हणजे अंड्यांवर बसली. महिन्याभराने आतून पिल्लांची चिरचिर ऐकू येऊ लागली.

बागेसमोर राहणाऱ्या सावित्रीवहिनींचे यजमान दम्याने अंथरुणाला खिळले होते. संध्याकाळी नर ओरडला की वहिनी फाटकातून दगड मारीत.

"मेला घुबाड! माझ्या दारात वराडता!"

"वहिनी, तो पिंगळा आहे," मी म्हणाले. "किडे खातो. आजारपणाशी त्याचा काही संबंध नाही."

"तुमका सांगूक काय जाता? तुमच्या घरात मरूक आसा कोण?"

मी घरी आले आणि नगरपालिकेला अर्ज लिहायला बसले. तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत एखादा शब्द सैल दिसला की मी त्याखाली लाल रेघ मारीत असे. हा अर्जही तीनदा वाचला. 'बागेतील आंब्याच्या ढोलीत पिंगळे असून त्यावरून दगडफेक होते. तरी सदर ढोलीचा त्वरित योग्य तो बंदोबस्त करावा.' ढोलीची उंची आणि दिशा लिहिली, खाली सही केली. जत्रेत पोलिसांचा असतो तसा बंदोबस्त माझ्या डोळ्यांसमोर होता.

अर्ज देऊन आठवडा झाला, कोणी आलं नाही. मग मी दोन दिवस बांद्याला बहिणीकडे गेले. परतले ती थेट बागेत. ऊन अजून होतं.

ढोलीच्या जागी सिमेंटचा गोल होता, थापीने गुळगुळीत केलेला. माळी धोंडू खाली पाइप गुंडाळत होता.

"धोंडू, हे काय?"

"तुमचाच काम, बाई. ऑफिसातून ऑर्डर इली. काल सकाळी गवंडी इलो."

"आत पिल्लं होती."

"होती तर. चिरचिरत होती. मी गवंड्याक म्हटलंय, वायच थांब रे. तो म्हणता, कागद काय सांगता ता बघ. कागदार तुमची सही."

"आणि मादी?"

"ती दिवसाची भायर खंय येता?"

मी शिडी मागितली. धोंडू म्हणाला, शिडी ऑफिसात, आणि फोडूक दुसरो अर्ज व्हयो. मी घरून छिन्नी, हातोडी आणि उंच स्टूल आणलं. सिमेंट चार बोटं जाड होतं; फुटेपर्यंत ऊन उतरलं.

मादी तोंडाशीच होती. ओल्या सिमेंटमध्ये तिने ओरबाडलं असावं, नख्यांत ते वाळून बसलं होतं. मागे तीन पिल्लं. दोन ताठरली होती. तिसरं अजून उबदार होतं. मी ते तळहातावर घेऊन खाली उतरले, चोच उघडून पाहिली, बोटाने छाती दाबत राहिले. मान लुळी पडत होती. बांद्याची सकाळची एसटी मी सोडली होती. बहिणीने घावणे घातले होते म्हणून.

"बाई!" सावित्रीवहिनी फाटकातून आत येत होत्या. हातात नारळ. "देव तुमचा बरा करो. दोन वर्सां मी बोंबलतंय, माझा कोण आयकत नाय. तुमच्या एका कागदान काम झाला. काल ह्यांका निवांत झोप लागली."

त्यांनी पिल्लाकडे पाहिलं, ते माझ्या हातातून उचलून गवतात टाकलं आणि रिकाम्या हातात नारळ ठेवला.

तेवढ्यात नर आला. चोचीत नाकतोडा होता. तो फोडलेल्या ढोलीत शिरला, तसाच बाहेर आला, परत शिरला. मग फांदीवर बसून माझ्याकडे पाहत मान वर-खाली करू लागला. नाकतोड्याचे पाय अजून हलत होते.

"ह्यो एक रवलो," सावित्रीवहिनी म्हणाल्या. "बाई, तेचोय बंदोबस्त करा."