दादाच्या गाडीतली जागा

शी! घामाची नाही, माणसांची किळस आली मला त्या दिवशी.

बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि माझा मॅरेथॉनचा सराव बोंबलला. पहाटे पळायच्या वेळी मी त्यांची कूस बदलायची, भरलेल्या चादरी धुवायची. लिफ्ट कायमची बंद, त्यामुळे डॉक्टरकडे न्यायचं तर जिन्यावरून उचलून. मग दिवसभर लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री. दादा फोनवर म्हणायचा, "तुझी शर्यत होऊ दे, मैदानावरूनच बाबांना घरी नेतो. शब्द!" त्या शब्दावर मी तग धरून होते, नाहीतर बाबांच्या शेजारी मीही आडवी झाले असते.

वाटलं होतं, शर्यतीत अर्ध्यातच बसकण मारीन. पण पाय थांबेचनात. जिने चढून-उतरून मेले काटक झाले होते. आयुष्यात कधी पळाले नव्हते इतकी छान पळाले.

शेवटच्या रेषेपलीकडे शेजारच्या काकू बाबांची चाकाची खुर्ची धरून उभ्या होत्या. खुर्चीला बाबांची भरलेली बॅग. बाजूला दादा-वहिनी, गॉगल लावून.

"वा गं वा!" दादाने पाठ थोपटली. "सराव नाही, झोप नाही म्हणून रडत होतीस ना? तुला तर सगळं झेपतंय की! बाबांना राहू दे तुझ्याकडेच."

"त्यांनाही तुझ्याच हाताची सवय झालीय," वहिनी म्हणाल्या. नाकाला रुमाल लावून!

म्हणजे चांगली पळाले हाच माझा गुन्हा? मी मागेच उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटवर नव्या कपाटाची खोकी, पार छताला टेकलेली. म्हणजे घरून निघतानाच ह्यांचं ठरलं होतं. मी रांगत आले असते तरी ह्यांनी काहीतरी काढलंच असतं. थू असल्या भावावर! आणि बाबा मान खाली घालून सगळं ऐकत होते.

मी गाडीचं पुढचं दार उघडलं. वाकले, बाबांना उचललं आणि सीटवर बसवलं. हा सराव मात्र चोख झाला होता.

"अगं, मी कुठे बसू?" वहिनी किंचाळल्या.

"तुम्ही चालत या. पाय धडधाकट आहेत की!"

दादाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. "बाबा, तुम्हीच सांगा हिला."

बाबांनी हात पुढे करून बॅग मांडीवर घेतली. मला म्हणाले, "जा, झोप काढ."

मग दादाकडे न बघताच म्हणाले, "चल रे, ड्रायव्हर."