ईश्वरदासांच्या टेबलावरचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, पत्र्याच्या चौकटीचा आणि कोपऱ्याला तडा गेलेला. मित्रांनो, माझी हयात भिंतीवर नाही, चित्रकथांच्या टेबलावर गेली.

इतवारीच्या बाजारातून मला घरी आणले ते ईश्वरदासांनी. त्यांचे वडील मागावर बसत, हे टाक आणि शाई घेऊन बसले. भुताखेतांच्या चित्रकथा काढण्यात त्यांचा हातखंडा होता. चोर असो की राजा, आधी ते मलाच तोंड वेंगाडून दाखवत आणि मग तो चेहरा पेन्सिलीने कागदावर उतरवत. बाईचा चेहरा हवा असला की पत्नीला, भागीरथाबाईंना, चुलीपासून उठवत.

"भाजी करपली तर तुमच्या हडळीले वाढीन जी," असे म्हणत त्या येत आणि हसू आवरायला खालचा ओठ दाताखाली धरत. लेक मयुरी शेजारीच बसलेली असे. जिथे पूर्ण काळे करायचे तिथे ईश्वरदास पेन्सिलीने बारीक फुली मारत आणि मयुरी त्या जागी ब्रशने शाई भरे.

मग भागीरथाबाई गेल्या. ईश्वरदासांनी मेलेली बाई घरी परतते अशी कथा काढायला घेतली. शेवटच्या पानावर तिचे केस काढून झाले, लुगड्याच्या निऱ्याही झाल्या. चेहरा मात्र कोराच राहिला. ते रोज माझ्यासमोर बसून तो चेहरा दिसण्याची वाट पाहत आणि मी त्यांना त्यांचाच चेहरा दाखवी. मला फार वाईट वाटे. अखेर एके दिवशी त्यांनी त्या कोऱ्या चेहऱ्यावर फुली मारली. पुन्हा त्या पानाला हात लावला नाही.

यंदा तेही गेले. बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी करणारी मयुरी खोली रिकामी करायला आली. शेजारच्या कांताबाईंनी मला उचलले.

"फुटका आरसा घरात ठेवू नये वं पोरी. कबाडीवाल्याले देऊन टाक."

"थांबा ना मावशी. बाबाचं एक पान राहून गेलं."

मयुरीला ती फुली दिसली. फुली म्हणजे काळे करायचे, एवढेच तिला ठाऊक. तिने मला कांताबाईंकडून घेऊन पूर्वीच्या जागी ठेवले, ब्रश शाईत बुडवला आणि हात हलू नये म्हणून खालचा ओठ दाताखाली धरला. शाईचा थेंब कागदावर पडणार, तोच तिने सहज वर पाहिले.

माझ्या काचेत तसाच ओठ दाताखाली धरून भागीरथाबाई बसल्या होत्या.

"आई," मयुरी हळूच म्हणाली. तिने ब्रश बाजूला ठेवला, खोडरबराने फुली पुसली आणि माझ्यात पाहत पेन्सिल हाती घेतली. तिची रेघ बापासारखी नव्हती, ती थरथरत होती. ओठ काढून झाला तेव्हा मागे उभ्या असलेल्या कांताबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"भागीरथाच हाये वं ही."

मला कोणी कबाडीत दिले नाही. पण मित्रांनो, आरसे पुसून ठेवा, जपा, एवढेच सांगायला मी बोलत नाही. आपल्या माणसांचे चेहरे माझ्या भरवशावर ठेवू नका. वेडेवाकडे का होईना, ते कागदावर काढून ठेवा. माणूस समोरून उठून गेला की मी कोरा होतो.