चिठ्ठीची मागची बाजू

मित्रांनो, लायसन्सच्या कचेरीसमोर, जिन्याखालच्या दुकानात चौदा वर्षं उभं असलेलं झेरॉक्सचं मशीन ते मीच. आता माझ्यावर मेणकापड टाकलंय आणि वर जुन्या फायली रचल्यात. तरी आज थोडं बोलणार आहे. मनात एक गोष्ट सलते आहे, ती सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी काच पुसली, तेव्हा मी स्वतःला फार मोठा समजत होतो. प्रत्यक्षात वाट्याला आला जिना, एक बाक आणि दुकानाचे मालक काका. ते सगळ्या गल्लीचेच काका. माणूस सरळ, पण कागदाच्या बाबतीत भलताच चिकट. बिघडलेली झेरॉक्स ते कधी फेकत नसत. पोलादी पट्टी लावून तिचे चार तुकडे करायचे, चिमट्यात अडकवायचे आणि चिमटा खिळ्याला टांगायचा. गर्दी झाली की तुकड्याच्या कोऱ्या बाजूवर नंबर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "रांगेत भांडणं नकोत," असं ते म्हणत. लोक त्यांच्या काटकसरीचं कौतुक करत आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

सुरुवातीला लायसन्ससाठी जन्माचा दाखला आणि फोटो दिला की भागायचं. पुढे कचेरीचे नियम कडक झाले. घरभाड्याचा करार आणा, विजेचं बिल आणा, नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला आणा आणि सगळ्याच्या तीन-तीन प्रती आणा. "अहो, मला गाडी चालवायचीय, सोयरीक नाही जमवायची!" असं एक निवृत्त मास्तर ओरडले, तेव्हा अख्खी रांग खो-खो हसली होती. मीही मनातल्या मनात हसलो. पण कुणाचा घटस्फोट झालाय, कुणाच्या दाखल्यावर बापाची जागा कोरी आहे, कोण कुठल्या खोलीत राहतं, हे सगळं माझ्या काचेवर पालथं पडत होतं. हे कागद पुढे जातात कुठे, असं मात्र कुणीच विचारलं नाही.

एका सकाळी एक ताई आल्या. बरोबर सात वर्षांची मुलगी. ताईंना शाळेची व्हॅन चालवायचं काम मिळत होतं, फक्त लायसन्स हवं होतं. पिशवीतून कागद काढण्याआधी त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं.

"काका, भाड्याच्या कराराची झेरॉक्स दिलीच पाहिजे का हो?"

"द्यावीच लागते, ताई. एक कागद कमी पडला तरी खिडकीवाले साहेब परत पाठवतात."

"मी विचारलं त्यांना. म्हटलं, माझा पत्ता बाहेर कळला तर माझी धडगत नाही. ते म्हणाले, मग नका घेऊ लायसन्स."

काकांचा हात थांबला. "कुणाला कळायला नको?"

"हिच्या वडलांना." आवाज इतका खाली आला की मलाही जेमतेम ऐकू आला. "चार महिने झाले आम्हाला निघून. जास्तीची एकही काढू नका, काका."

"मोजून तीन काढतो. निर्धास्त राहा."

तोवर मुलीने आपला तळवा माझ्या काचेवर ठेवला होता. "माझ्या हाताची पण काढा ना!" काकांनी हसून काढून दिली. त्या इवल्याशा हाताची ऊब मला अजून आठवते.

मग कराराची पाळी आली. माझ्या पोटातल्या ड्रमवर, म्हणजे छपाईच्या रुळावर, तेव्हा एक ओरखडा होता आणि मधूनच काळी रेघ उमटायची. पहिल्याच प्रतीवर ती घरमालकिणीच्या सहीवरून आडवी गेली. असली प्रत खिडकीत चालली नसती, म्हणून काकांनी आणखी तीन स्वच्छ काढल्या. बिघडलेली प्रत त्यांनी वाईट हेतूने ठेवली नाही हो! मुलीशी बोलता बोलता हात सवयीने फळीखालच्या ढिगाकडे गेला, एवढंच. ताईंनी तीन मागितल्या होत्या, तीन मिळाल्या आणि त्या निघून गेल्या. दुपारी काका पट्टी घेऊन बसले. कराराच्या वरच्या तुकड्यावर ताईंचं नाव आणि खोलीचा पत्ता, दोन्ही अगदी लख्ख होते.

आठ दिवसांनी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. हातात एक कागद होता आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हरवल्या आहेत'.

"बायको आहे हो माझी," तो काकांना म्हणाला. "डोक्यावर जरा परिणाम झालाय. पोरीला घेऊन निघून गेली. गाडी शिकायचं फार वेड तिला, म्हणून म्हटलं, या कचेरीजवळ चार कागद चिकटवावेत."

काका हळहळले. रोज शंभर चेहरे बघणारा माणूस, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी तो कागद काचेवर ठेवला. त्यावरच्या फोटोतल्या ताईंना मी ओळखलं.

मित्रांनो, मला तोंड नाही. मला फक्त कागद अडकवता येतो. तो मी अडकवला. काकांनी झाकण उघडून ओढून काढला. मी पुन्हा अडकवला. तिसऱ्यांदाही अडकवला. त्या माणसाच्या हाती एकही प्रत लागू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं.

"तापलंय बिचारं," काका म्हणाले. "दहा मिनिटं निवू दे. हा नंबर घ्या आणि बाकावर टेका."

त्यांनी चिमट्यातली वरची चिठ्ठी ओढली, त्यावर नऊ लिहिलं आणि त्याच्या हातात दिली.

तो बसला. चाळा म्हणून त्याने चिठ्ठीची सुरळी केली, उलगडली, पालटली. मग त्याची बोटं थांबली. सावकाश वाचून त्याने ती वरच्या खिशात ठेवली आणि उठला.

"अहो, होईलच आता," काका म्हणाले.

"राहू द्या. झालं काम."

मी गुपचूप प्रती काढून दिल्या असत्या, तर तो दोन मिनिटांत गेला असता. मी शहाणपणा केला आणि त्याला बाकावर बसवला. त्याचा कागद माझ्या काचेवर तसाच पालथा राहिला; नंतर काकांनी तो खणात टाकला.

पाचव्या दिवशी ताई आल्या, एकट्या. उजवा हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला. त्यांनी डाव्या हाताने एक कागद पुढे केला. त्यावर मुलीचा फोटो होता.

"घेऊन गेला पोरीला. पोलीस म्हणतात, बापाने नेली म्हणजे हरवली कशी?" त्या म्हणाल्या. "पत्ता मी फक्त त्या खिडकीत दिला होता, काका. तिथूनच फुटला असणार."

काकांनी खण उघडून त्या माणसाचा कागद काढला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. मग खिळ्यावरचा चिमटा उतरवला आणि एकेक चिठ्ठी पालटू लागले. कुणाचा अर्धा चेहरा, कुणाची सही, कुणाच्या घराचा नंबर.

"खिडकीतून नाही, ताई. माझ्या हातून गेला," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपला कागद माझ्या काचेवर पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "झेरॉक्स काढा."

"किती काढू?"

"निघतील तेवढ्या. आणि पत्ता मोठा येऊ दे. पोरीला वाचता येतं आता."

त्या दिवशी मी एकही कागद अडकवला नाही. काळी रेघसुद्धा येऊ दिली नाही.

त्याच संध्याकाळी काकांनी सगळ्या चिठ्ठ्या फाडून बादलीत भिजवल्या. समोरची खिडकी मात्र अजून तीन-तीन प्रती मागते, आणि आतले गठ्ठे कोण उघडतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. मागितल्यापेक्षा एक कागदही जास्त देऊ नका. प्रत बिघडली तर मागून घ्या आणि स्वतःच्या हाताने फाडा. आणि कुणाचा पत्ता तुमच्या हाती आला, तर त्या दाराआड कुणीतरी राहतंय, हे विसरू नका. मला भंगारात देण्याआधी माझीही आठवण पुसा. माझ्या पोटातल्या डिस्कवर तुमच्या कागदांचं अजून बरंच काही साठलेलं आहे.

ताईंचा कागद दुकानाच्या दारावर अजून चिकटवलेला आहे. उन्हाने फोटो पार उडालाय. मुलगी काही परत आलेली नाही. पत्ता मात्र रस्त्यापलीकडूनही वाचता येतो.