बाळंतविड्यातलं दुपटं

“जहाजावरचं काही घरी आणायचे का हे?” छातीच्या फोटोवरची नजर न काढता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

जोतीरामला धाप लागली होती, म्हणून उत्तर त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं दिलं. आणायचे की. कधी पितळेची कडी, कधी जाड काचेचं तावदान, आणि एकदा तर पांढऱ्या कापडाचा चांगला गठ्ठाच. जहाजाच्या पोटातल्या गरम नळ्यांना ते गुंडाळलेलं असायचं. जाड, उबदार, ठिणगी पडली तरी जळत नसे. मुंबईच्या बंदरात जहाजं तोडणारी सगळी माणसं तेच अंथरून निजायची. असलं कापड माणदेशातल्या बाईला टाकवतंय होय?

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. त्या कापडातून डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते. श्वासाबरोबर छातीत जाते आणि तिथंच रुतून बसते. जोतीरामनं उभी हयात ते फाडलं, उपसलं, अंथरलं. त्याच्या छातीत आता पाणी होतंय ते त्यामुळंच.

“ते अजून घरात असेल तर झटकू नका, फाडू नका, जाळूही नका. ओलं करून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधा आणि मला फोन करा, पुढं काय करायचं ते मी विचारून सांगते. लहान मूल तर त्याच्याजवळ येऊच देऊ नका.”

“घरात न्हाई आता,” सुलाबाई म्हणाली.

ते खोटं नव्हतं. ते कापड रहिमतपूरला लेकीच्या सासरी, सुलाबाईच्या सहा महिन्यांच्या नातीच्या अंगाखाली होतं.

मिरजेच्या दवाखान्यातून दहिवडीकडं परतताना एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. सगळा संसार तिनं एकाच भीतीवर काढला होता. कोणाच्या घरी फोन वाजला तरी ती हातातलं काम टाकून दारात यायची. गावचाच धनाजी जोतीरामच्या जोडीला कामाला होता. तेलाच्या टाकीत कापायला उतरला, आत वायू साठला होता, लोखंड कापायची गॅसबत्ती लावली आणि सगळं संपलं. गावात त्याचं गाठोडं आलं. ते कोणी सोडून बघितलं नाही. त्या दिवसापासून सुलाबाईला स्वप्नात जहाज दिसायचं, आणि समुद्र तर तिनं कधी पाहिलाही नव्हता. काळ्या तेलकट चिखलात उभा राहून जोतीराम लोखंड कापतोय आणि वरून अख्खी भिंत सुटतेय. तीन वर्षांमागं तो धडधाकट हातापायांनिशी कायमचा घरी आला, तेव्हा तिनं देवाला नारळ फोडला. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं होतं.

आणि लेकीच्या, अंकिताच्या बाळंतपणात तिनं तो गठ्ठा पेटीतून काढला. सुलाबाईच्या हातची गोधडी म्हणजे पंचक्रोशीत नाव होतं, आणि बाईला त्याचा थोडा तोराही होता. बाळंतविड्यात इतरांच्या आया बाजारातली दुपटी देतात, आपण तसं करायचं नाही, अशी तिची ऐट. वर तिचं जुनं मऊ लुगडं, खाली दुसरं, आणि मधे ऊब राहावी म्हणून ते पांढरं कापड. टाका असा बारीक की विहीणबाईंनी चारचौघींत तोंड भरून कौतुक केलं. ते कौतुक तिनं महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं होतं.

घरी आल्यावर जोतीराम भिंतीला टेकून बसला. कुठं काय दिलंय हे त्याला सांगावं लागलं नाही.

“सकाळच्या गाडीनं जा आन् खरं काय ते सांग,” तो म्हणाला.

“आवं, खरं सांगितलं तर पोरगीला त्या घरात जन्मभर आयकावं लागंल. तुज्या आईनं लेकराखाली इष आंथरलं म्हनून.”

जोतीरामनं नुसता नकारार्थी हात हलवला. बोलायला लागणारा वारा त्याच्याजवळ नव्हता.

खोटं बोलायचं तर रेटून बोलावं म्हणतात. सकाळच्या एसटीत बसल्या बसल्या सुलाबाईनं खोटा नवस रचला. लेकरू सुखरूप जन्मलं तर त्याचं पहिलं दुपटं देवाला वाहीन, असं आपण बोललो होतो. दिलेला बाळंतविडा परत मागणं म्हणजे लेकराचं वाईट चिंतणं, हे तिला कळत होतं. पण देवाचं नाव घेतल्यावर कोण अडवणार? पिशवीत तिनं खताच्या पोत्याच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी धुऊन घेतली होती.

रहिमतपूरला घराच्या फाटकाशी येऊन ती थबकली. अंगणात दोरीवर तेच दुपटं होतं. अंबूबाई, तिच्या विहीणबाई, वेताच्या छडीनं ते बडवत होत्या. शेजारी उन्हात अंकिता लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक दणक्याला कोवळ्या उन्हात धुळीचा लोट उठत होता आणि छोटी सृष्टी तो आवाज ऐकून खुदुखुदु हसत होती. थांबा, म्हणून ओरडावं असं सुलाबाईला वाटलं, पण मग का ते सांगावं लागलं असतं. तिनं घाईनं फाटक ढकललं.

“या की विहीणबाई, ऊन चांगलं पडलंय म्हनून म्या झटकत हुते,” अंबूबाई म्हणाल्या आणि छडी खाली ठेवली.

पाणी झालं, चहा झाला. अंबूबाई तशा कडक बाई. आल्याची शेती, घरातली माणसं, सगळं त्यांच्या हुकमतीत. सुलाबाईनं खाली मान घालून नवसाचं सांगितलं. चोराच्या मनात चांदणं, तसं तिला वाटलं की आता आपल्या चेहऱ्यावरच सगळं दिसेल. पण अंबूबाईंनी उलट हात जोडले.

“देवाचं देवाला. म्या कशाला आडवीन? पर लेकराखालचं वस्त्र समदंच्या समदं घराभाईर जाऊ न्हाई. आमच्या सासूबाईंची रीत हाय ती. येक कोपरा घरात ठिवते.”

असं म्हणून त्यांनी दोरीवरून काढलेलं दुपटं मांडीवर घेतलं, कोनाड्यातली कात्री काढली आणि कोपरा पकडला. सृष्टी त्यांच्या गुडघ्याला टेकून दुपट्याचं दुसरं टोक तोंडात घालत होती. कात्रीची पाती उघडली.

“कापू नगासा!” सुलाबाईनं झडप घालून कात्री धरली. पातं तिच्या तळव्यात रुतलं. “नवस-बिवस काय न्हाई, विहीणबाई. खोटं बोलले म्या. ह्यात जहाजावरचं कापड हाय. आमच्या मालकांच्या छातीत त्येच बसलंय. मला ठावं नव्हतं. लेकराची आन, मला ठावं नव्हतं.”

मग तिनं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. अंकितानं लेकीला उचललं. सुलाबाईनं हात पुढं केला, तसं तिनं लेकरू दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सुलाबाईला तळव्याची जखम जाणवली नव्हती, पण हे लागलं.

अंबूबाईंनी कात्री हळूच सोडवून घेतली. मग उठल्या, बादलीभर पाणी आणलं आणि दुपटं होतं तिथंच भिजवलं. दोघी विहिणींनी मिळून ते पिशवीत भरलं, तोंड सुतळीनं आवळलं. अंबूबाईंनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि सुलाबाईच्या तळव्यावर हळद दाबली.

“रोज झटकत हुते म्या,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हातचं म्हनून जपत हुते. काय हुईल वं आता?”

“समद्यास्नीच हुतं असं न्हाई म्हनली डाक्टरीण. पर कळायला ईस-तीस वर्सं लागत्यात.”

“माजं सोडा, म्या पिकलं पान. हिचं सांगा.”

अंकिता लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेवढ्यात सृष्टी शिंकली. साधीच शिंक. लेकरू शिंकलं की घरातल्या मोठ्या बाईनं ‘शंभर वर्सं जग’ म्हणायचं. अंबूबाईंनी ते म्हणायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांनी विहिणीकडं पाहिलं.

“तुमी म्हना,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमीबी आजीच हायसा.”

सुलाबाईनं लेकीकडं पाहिलं. अंकितानं मान वर केली नाही, पण लेकराचं तोंड जरा सुलाबाईच्या बाजूला वळवलं.

“शंभर वर्सं जग गं बाय,” सुलाबाई म्हणाली. मग तिघीही दुसरी शिंक येते का ते ऐकत राहिल्या.